अ‍ॅट्रियम वाऱ्यावर थंड ठेवायचा तर हिशेब सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा: पाच मजली इमारत, मधोमध सगळ्या मजल्यांतून वर जाणारा १८ मीटर उंचीचा मोकळा चौक, म्हणजे अ‍ॅट्रियम, वर काचेचं छत आणि प्रत्येक मजल्याच्या गॅलऱ्या आतल्या बाजूला उघड्या. वातानुकूलन न लावता केवळ नैसर्गिक वायुवीजनावर तो थंड राहील का? खाली आणि वर किती उघाड, म्हणजे हवेला किती मोकळी वाट, लागेल? आणि अशा इमारतींत वरचेच मजले का तापतात?

राहील. पण ‘थंड’ म्हणजे किती, हे आधी ठरवून घ्या. बाहेरची हवा आत घेऊन आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली नेता येत नाही. भर दुपारी बाहेर ३३ अंश असेल तर चांगला जमलेला अ‍ॅट्रियम माणसांच्या उंचीवर ३४च्या आसपास राहतो, न जमलेला ४०च्या वर जातो. वायुवीजनाचं काम हा फरक कमी करणं आणि अंगावरून हवा खेळती ठेवणं एवढंच आहे. सेकंदाला ०.८ ते १ मीटर वेगाची झुळूक असली की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. ‘अ‍ॅशरे ५५’ या अमेरिकी मानकातला नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठीचा नियम इथे कामाला येतो: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ने गुणा आणि १७.८ मिळवा. सरासरी २८ अंश असेल तर आरामाचा मध्य साधारण २६.५ येतो आणि ८० टक्के लोकांना चालेल अशी वरची मर्यादा ३० अंशांजवळ. वर्षातले किती तास या मर्यादेबाहेर जातात ते हवामानाच्या तासवार आकडेवारीतून मोजा. तास फार भरत असतील, तर त्या तासांपुरती दुसरी सोय लागेल हे आराखड्याच्या टप्प्यावरच मान्य करा.

आता ओढ्याची, म्हणजे गरम हवा वर चढताना खालून हवा खेचते त्या ओढीची, ताकद. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १ अंशाने गरम असेल तर उंचीच्या प्रत्येक मीटरमागे ०.०३८ पास्कल दाब मिळतो. १८ मीटर उंची आणि ४ अंशांचा फरक धरला तर सगळा मिळून २.७ पास्कल. हा दाब अगदीच नाजूक आहे. साधा एक्झॉस्ट पंखाही याच्या कित्येक पट दाब देतो. म्हणून वाटेतली प्रत्येक जाळी, प्रत्येक वळण, अर्धवट उघडलेली प्रत्येक झडप इथे जाणवते. यांत्रिक वायुवीजनाची सवय असलेले लोक इथेच फसतात, कारण त्यांच्या हिशेबात मच्छरजाळीचा अडथळा किरकोळ असतो.

तुमच्या अ‍ॅट्रियमसाठी आकडे मांडू. तळ ३० गुणिले २० मीटर, छतात ४०० चौरस मीटर काच, काचेतून आत येणारी उष्णता २५ टक्के, दुपारचं ऊन चौरस मीटरला ८०० वॅट. काचेतूनच ८० किलोवॅट आले. १४० माणसांचे १० आणि दिवे-उपकरणांचे १०, असे एकूण १०० किलोवॅट. सरासरी ४ अंशांचा फरक चालेल असं ठरवलं, तर ही उष्णता बाहेर न्यायला सेकंदाला सुमारे २१.४ घनमीटर हवा लागते, म्हणजे तासाला सातेक वेळा सगळी हवा बदलली पाहिजे.

खालच्या झरोक्यांचा मध्य जमिनीपासून १.५ मीटरवर आणि वरच्यांचा १९.५ मीटरवर, म्हणजे छतावर छोटा मनोरा काढून, असं धरू. दोन्हींमधलं अंतर १८ मीटर. दोनदा गुरुत्वत्वरण, गुणिले उंची, गुणिले तापमानातला फरक, भागिले केल्विनमधलं तापमान. याचं वर्गमूळ काढलं की २.१६ मीटर प्रतिसेकंद येतात. उघाडाच्या कडांवर प्रवाह आकसतो, म्हणून ०.६ने गुणायचं. त्यातून परिणामी क्षेत्रफळ, म्हणजे दोन्ही उघाड मिळून एकच धरला तर त्याचं माप, १६.५ चौरस मीटर निघतं. खालचा आणि वरचा उघाड एकामागोमाग येत असल्याने दोन्ही समान ठेवले तर प्रत्येकी १६.५ गुणिले १.४१, म्हणजे २३.४ चौरस मीटर लागतात.

बहुतेक जण हिशेब इथे थांबवतात. वरच्या मजल्यांचा त्रास नेमका इथून सुरू होतो.

अ‍ॅट्रियमच्या उंचीत कुठेतरी एक पातळी अशी असते की तिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो. तिला समदाब पातळी म्हणू. तिच्या खाली आतला दाब कमी, म्हणून बाहेरची हवा आत येते. तिच्या वर आतला दाब जास्त, म्हणून आतली हवा मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. खालचा-वरचा उघाड समान असेल तर ही पातळी बरोबर मध्यावर बसते: खालच्या झरोक्यांपासून ९ मीटर, म्हणजे जमिनीपासून १०.५ मीटर. तुमच्या मजल्यांची उंची ३.६ मीटर धरली तर चौथ्या मजल्याची फरशी १०.८ मीटरवर येते. म्हणजे चौथा आणि पाचवा मजला पूर्णपणे या पातळीच्या वर. खालच्या तीन मजल्यांची उष्णता, माणसांचा श्वास आणि स्वयंपाकघर असेल तर त्याचा वास घेऊन वर आलेली हवा छताच्या झरोक्यांतून तर जातेच, पण गॅलरीतून चौथ्या-पाचव्या मजल्याच्या खोल्यांतही शिरते आणि त्यांच्या बाहेरच्या खिडक्यांतून निघून जाते. तिथे बसलेला माणूस गरम होतं म्हणून खिडकी उघडतो, आणि खिडकी उघडल्यामुळेच गरम हवा त्याच्या टेबलावरून जायला वाट मिळते. यात त्याची काहीच चूक नाही; त्याची खिडकी छताच्या झरोक्याचं काम करू लागलेली असते.

पातळी वर ढकलायची तर वरचा उघाड खालच्यापेक्षा मोठा हवा. ती किती वर जाईल हे क्षेत्रफळांच्या वर्गांवर ठरतं: वरच्या उघाडाचा वर्ग भागिले दोन्हींच्या वर्गांची बेरीज. वरचा उघाड खालच्याच्या दुप्पट केला तर पातळी एकूण उंचीच्या ८० टक्क्यांवर जाते. तुमच्या बाबतीत १५.९ मीटरवर. पाचव्या मजल्याची फरशी १४.४ मीटरवर आहे, म्हणजे तिथे उभ्या माणसाचं डोकं अजूनही गरम हवेत. त्यामुळे मनोरा आणखी उंच करून वरच्या झरोक्यांचा मध्य २२.५ मीटरवर न्या. आता दोन उघाडांमधलं अंतर २१ मीटर झालं आणि पातळी १८.३ मीटरवर गेली, पाचव्या मजल्याच्या छताच्या वर. उंची वाढल्याने ओढाही वाढला, म्हणून परिणामी क्षेत्रफळ १५.३वर आलं. खाली १७.१ आणि वर ३४.२ चौरस मीटर निव्वळ उघाड, हे तुमचे आकडे.

यात एक पथ्य आहे. ‘खालचा उघाड’ म्हणजे फक्त तळमजल्याचे झरोके नव्हेत. समदाब पातळीखालच्या सगळ्या मजल्यांच्या, अ‍ॅट्रियमशी हवेने जोडलेल्या सगळ्या बाहेरच्या खिडक्या, सतत उघडं राहणारं प्रवेशद्वार, वाहनतळातून येणारा जिना, हे सगळं त्यात धरायचं. तळमजल्यावर कुणी चार चौरस मीटरचा दरवाजा दिवसभर उघडा टाकला तर खालचा उघाड १७ वरून २१वर जातो, पातळी खाली सरकते आणि त्रास पाचव्या मजल्याला होतो. प्रवेशाला दुहेरी दाराची खोली किंवा फिरता दरवाजा द्यायचा तो याचसाठी.

खोल्यांनाही अ‍ॅट्रियमच्या ओढ्याने हवा द्यायची असेल तर प्रत्येक मजल्याच्या खिडक्या सारख्या ठेवून चालणार नाही. पातळी १८.३ मीटरवर असताना तळमजल्याला तिच्यापासून १६.८ मीटरचा ओढा मिळतो, तर पाचव्या मजल्याच्या १५.९ मीटरवरच्या खिडकीला फक्त २.४ मीटरचा, म्हणजे ०.३६ पास्कल. तितकीच हवा हवी तर पाचव्या मजल्याचा उघाड तळमजल्याच्या २.६ पट लागेल. दाट मच्छरजाळी लावली तर तेवढंही उरत नाही. माझा स्पष्ट सल्ला: सर्वांत वरचा मजला अ‍ॅट्रियमपासून काचेने बंद करा आणि त्याला स्वतःची समोरासमोरची खिडकी किंवा स्वतःचं वेगळं धुराडं द्या. आराखडा करताना उघड्या गॅलरीचा मोह होतो, पण हा एक निर्णय बाकी सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. ताजी हवा आणि वापरलेली हवा यांच्या वाटाच वेगळ्या ठेवणं हे याच विचाराचं पुढचं पाऊल. कोव्हेंट्रीच्या लँचेस्टर ग्रंथालयात (२०००) ताजी हवा चार वेगळ्या चौकांतून आत येते, तर मधला चौक आणि कडेची धुराडी फक्त वापरलेली हवा वर नेतात. उलट टोकाला, फ्रँकफर्टच्या कॉमर्झबँक मनोऱ्यात (१९९७) अ‍ॅट्रियम इतका उंच आहे की तो दर १२ मजल्यांवर काचेच्या आडव्या पडद्याने तोडावा लागला. ओढा फार झाला तर तोही आवरावा लागतो.

आता ‘निव्वळ उघाड’ हा शब्द नीट बघू, कारण इथे निम्मं क्षेत्रफळ हरवतं. वर बिजागरी असलेली, बाहेर उघडणारी एक झडप घ्या: रुंदी १.२ मीटर, उंची १ मीटर. नकाशात ती १.२ चौरस मीटर म्हणून मोजली जाते. तिला लावलेली साखळीची मोटर झडप ३०० मिलिमीटर बाहेर ढकलते. खालच्या फटीतून १.२ गुणिले ०.३, म्हणजे ०.३६ चौरस मीटर वाट मिळते. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांतून प्रत्येकी ०.१५. एकूण ०.६६, कागदावरच्या आकड्याच्या ५५ टक्के. पण मनोऱ्यावर या झडपा एकमेकींना चिकटून रांगेत असतात आणि सगळ्या एकदम उघडतात. मग बाजूचे त्रिकोण शेजारणीच्या त्रिकोणांनाच मिळतात आणि बाहेरची वाट उरते फक्त ०.३६ची. ३४.२ चौरस मीटर मिळवायला कागदावर २९ झडपा पुरतात, सुट्या बसवल्या तर ५२ लागतात आणि रांगेत चिकटवल्या तर ९५. उपाय सोपा आहे: मोटरचा पल्ला ५०० मिलिमीटरचा घ्या, किंवा दर दोन झडपांमध्ये निदान ३०० मिलिमीटर बंद पट्टी ठेवा. झडपेऐवजी पाऊस अडवणारे लूव्हर (तिरक्या पट्ट्यांचे झरोके) लावलेत तर निव्वळ उघाड भोकाच्या ४५ ते ५० टक्केच धरा, आणि पुरवठादाराकडून भौमितिक उघाडाबरोबर डिस्चार्ज कोइफिशंटचाही (प्रवाह आकसण्याचा, वरच्या हिशेबातला ०.६) आकडा लेखी मागा. मच्छरजाळी लावायचीच तर खालच्या झरोक्यांना, हाताला येईल अशी, काढून धुता येणारी लावा. वर फक्त पक्षी अडवणारी १२ ते २० मिलिमीटरची जाळी. वरची बारीक जाळी दोन हंगामांत धुळीने भरते आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

क्षेत्रफळ वाढवण्याआधी उष्णता कमी करा. उघाड तोच ठेवला तर तापमानातला फरक ‘उष्णता भागिले उघाड’ या गुणोत्तराच्या दोन-तृतीयांश घातात बदलतो. म्हणजे उघाड दुप्पट केला तर ४ अंशांचा फरक २.५वर येतो, निम्मा होत नाही. पण काचेवर बाहेरून पट्ट्या लावून ८० किलोवॅटचे ४० केले की तोच फरक एकही झडप न वाढवता २.८५वर येतो. सपाट काचेचं छत हा सगळ्यात महागडा निर्णय असतो. तीच काच मनोऱ्याच्या उभ्या बाजूंना आणि कमी ऊन येणाऱ्या दिशेला दिली तर उजेड मिळतो आणि भर दुपारचं ऊन बाहेरच राहतं.

ऊन कुठे शोषलं जातं यालाही फार महत्त्व आहे. केंब्रिजच्या पॉल लिंडेन आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये खाऱ्या पाण्याच्या छोट्या नमुन्यांवरून दाखवलं, की एका जागी उष्णता असेल तर खाली थंड आणि वर गरम असे दोन थर होतात, आणि त्यांच्यामधली सीमा उष्णता किती आहे यावर नाही, तर उघाड आणि उंची यांच्या प्रमाणावर ठरते. उष्णता वाढली तर वरचा थर जास्त तापतो, पण खाली उतरत नाही. हे फार दिलासा देणारं आहे. मात्र ऊन थेट फरशीवर पडलं तर सगळी फरशीच चूल होते, हवा खालपासून घुसळली जाते आणि थर राहतच नाहीत. म्हणून आतले पडदे लावायचेच असतील तर ते छताजवळ, गरम थरात, काचेपासून ३०० ते ६०० मिलिमीटर सोडून लावा आणि त्या पोकळीतली हवा थेट वरच्या झरोक्यांतून निघेल असं करा. थर चांगले जमले तर ओढा फक्त गरम थराच्या जाडीचा मिळतो हेही लक्षात घ्या. वरचा हिशेब सगळी हवा सारखी गरम आहे असं धरून केलेला आहे, त्यामुळे क्षेत्रफळ १५-२० टक्के वाढवूनच ठेवा.

वारा मित्रही आहे आणि घातकीही. सेकंदाला ३ मीटर वाऱ्याचा दाब ५.२ पास्कल असतो. त्यातला निम्मा जरी वरच्या झरोक्यावर उलट आला तरी तुमच्या ३ पास्कलच्या ओढ्याचं जवळजवळ काहीच उरत नाही, आणि ४ मीटरचा वारा तो पुरता उलटवतो. मग गरम थर खाली दाबला जातो. मनोऱ्याला दोन्ही बाजूंनी झडपा द्या, वाऱ्याकडच्या बंद आणि आडोशाच्या उघड्या ठेवा. वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र मनोऱ्यापेक्षा निदान दोन मीटर वर बसवा, नाहीतर ते मनोऱ्याचेच भोवरे मोजतं. सेकंदाला १.५ मीटरपेक्षा कमी वाऱ्यात दिशेवर विश्वास ठेवू नका, दोन्ही बाजू उघडा.

रात्री झडपा उघड्या ठेवून स्लॅबमध्ये साठवलेल्या गारव्याबद्दल फार मोठ्या अपेक्षा ठेवल्या जातात. १०० मिलिमीटर काँक्रीट ३ अंशांनी थंड झालं तर चौरस मीटरला सुमारे १७० वॅट-तास साठतात. १,५०० चौरस मीटर उघड्या स्लॅबमध्ये २५० किलोवॅट-तास. पण अडतं ते हवेच्या प्रमाणात नाही, स्लॅबच्या पृष्ठभागावर. संथ हवा प्रत्येक अंशामागे चौरस मीटरला २-३ वॅटच काढून नेते, त्यामुळे आठ तासांत त्यातला निम्मा गारवाच हाती लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी दहा तास साधारण १२ किलोवॅट. सकाळ सुखाची जाते, पण छतावरच्या सावलीची जागा हे घेऊ शकत नाही. आणि स्लॅबखाली फॉल्स सीलिंग लावलं तर एवढंही मिळत नाही. दिवसरात्रीच्या तापमानात ८-१० अंशांचा फरक नसेल तर या वाटेला जाऊच नका. हरारेचं ईस्टगेट सेंटर (१९९६) याचं उदाहरण म्हणून नेहमी सांगितलं जातं. तिथे हवा पंखे फिरवतात, हे मात्र सांगायचं राहून जातं.

कोरड्या हवामानात पाण्याचा फवारा वापरता येतो. एक लिटर पाण्याच्या वाफेमागे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता जाते. पण थंड झालेली हवा जड होऊन खाली येते, म्हणजे प्रवाह उलटा होतो: प्रवेश वरून, निकास खालून. अहमदाबादच्या टोरेंट संशोधन केंद्रात अशी वरून खाली येणारी रचना आहे. वर चढणारा आणि खाली उतरणारा प्रवाह एकाच पोकळीत एकाच वेळी चालवता येत नाही. दोन्ही हवे असतील तर ऋतूनुसार झडपांची जागा बदलणारी वेगळी मांडणी करावी लागते.

नियंत्रण साधं ठेवा. झडपा ०, २५, ५० आणि १०० टक्के अशा चार पायऱ्यांत उघडा आणि दोन हालचालींत १० ते १५ मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर मोटरा दिवसभर उघडझाप करत राहतात आणि लवकर जळतात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की उघाड ताज्या हवेपुरताच ठेवा. पाऊस आला की वाऱ्याकडची बाजू बंद, वारा सेकंदाला १०-१२ मीटरवर गेला की सगळं जवळजवळ बंद. तापमानाचे सेन्सर उन्हात किंवा गॅलरीच्या कठड्यावर टांगू नका. तिथे ते हवा नाही, ऊन मोजतात. आग लागल्याचा इशारा या सगळ्यावर मात करणारा हवा: वरच्या झडपा बॅटरीवर उघडल्या पाहिजेत, धुराच्या झडपांसाठीच्या ‘ईएन १२१०१-२’ मानकाप्रमाणे ६० सेकंदांच्या आत, आणि खालून हवा यायची वाटही त्याच वेळी मोकळी झाली पाहिजे. धुरासाठी लागणारं क्षेत्रफळ वेगळं काढा आणि दोन्हींतलं मोठं घ्या.

इमारत उभी राहिली की तपासणी दोन गोष्टींनी होते. १.५, ५, ९, १३ आणि १७ मीटरवर, उन्हापासून झाकलेले तापमान नोंदवणारे यंत्र एका दोरीला टांगा आणि दोन आठवडे ठेवा. मग भर दुपारी, सगळ्या झडपा पूर्ण उघड्या असताना, धुराची कांडी घेऊन प्रत्येक मजल्याच्या कठड्याशी उभे राहा. धूर खोलीकडून अ‍ॅट्रियमकडे गेला तर तो मजला पातळीच्या खाली आहे. अ‍ॅट्रियमकडून खोलीत आला तर वर. पाचव्या मजल्यावर धूर आत येत असेल तर आधी तळमजल्याचे निम्मे झरोके बंद करून पुन्हा बघा. धूर उलटला तर तुमचा वरचा उघाड कमी पडतोय, आणि किती कमी ते त्या बंद केलेल्या झरोक्यांच्या मापावरूनच काढता येतं.